काळा धूर म्हणजे ताकद नव्हे : डिझेल इंजिनाचा इतिहास आणि आपला खिसा



मागच्या आठवड्यात पुतण्या ट्रॅक्टर घेऊन मिस्तरीकडं गेला होता. रोटाव्हेटर लावला की ट्रॅक्टरला दम लागतोय, अशी त्याची तक्रार. मिस्तरीनं जरा वेळ आवाज ऐकला आणि म्हणाला, "पंप थोडा वाढवून देतो, मग बघ कसा पळतो." पंप वाढवणं म्हणजे काय हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. डिझेल पंपाला जास्तीत जास्त किती तेल सोडायचं ते ठरवणारा स्क्रू असतो. कंपनीनं त्याला सील लावलेलं असतं. ते सील तोडून स्क्रू फिरवला की दर स्ट्रोकला जास्त तेल सुटतं. पुतण्यानं तिथूनच फोन केला, "काका, करून घेऊ का?" मी म्हणलो, "स्क्रूला हात लावू देऊ नको. ट्रॅक्टर घरी आण. तुला तुझ्या आज्याच्या इंजनाची गोष्ट सांगायची राहिली आहे."

ती गोष्ट आज इथं सगळ्यांसाठी लिहितो. गोष्ट आमच्या घरातली आहे, पण नीट समजायची तर आधी थोडा इतिहास बघावा लागंल. मी दहावी पास माणूस, इंजिनिअर नाही. पण चाळीस वर्षं इंजन, पंप आणि ट्रॅक्टर यांच्याशी झटलो, आणि मिळंल ते वाचत गेलो, त्यातून जे कळलं ते सांगतो.

आधी हिशेब मांडू. एक लिटर डिझेलमध्ये जेवढी उष्णता असते ती विजेच्या भाषेत सांगायची तर साधारण १० युनिट. आपलं पाच हॉर्सपॉवरचं इंजन पूर्ण भारावर तासाला साधारण १.१ लिटर तेल घेतं, म्हणजे ११ युनिट आत गेले. पाच हॉर्सपॉवर म्हणजे ३.७ किलोवॅट. म्हणजे तासाभरात चाकावर काम मिळालं ३.७ युनिट. बाकीचे सात युनिट कुठं गेले? ढोबळमानानं निम्मे सायलेन्सरमधून गरम धूर होऊन गेले, आणि उरलेले पाण्याच्या जॅकेटमधून, घर्षणातून आणि इंजनाच्या अंगातून बाहेर पडले. म्हणजे एक तृतीयांश काम, एक तृतीयांश धुराडं, एक तृतीयांश थंड करणारं पाणी आणि घासपूस. हे नव्या, नीट इंजनाचं सांगतोय. बिघडलेल्याचं विचारूच नका.

आपल्या परभणीकरांना तर हा हिशेब जास्तच लागू आहे. मनमाडच्या डेपोपासून टँकर इथं यायला सुमारे ३०० किलोमीटर पडतात, आणि राज्यात सगळ्यात महाग इंधन परभणीत, ही बातमी आपण कितीदा वाचली. लिटरला नव्वद रुपये धरले तर तीस रुपयांचं काम आणि साठ रुपयांची ऊब. ही साठ रुपयांची ऊब कमी कशी करायची, या एका प्रश्नावरच डिझेल इंजन जन्माला आलं.

रुडॉल्फ डिझेल नावाचा जर्मन विद्यार्थी म्युनिकच्या तंत्रशाळेत शिकत होता. कार्ल फॉन लिंडे हे त्याचे गुरुजी. त्यांनी वर्गात सांगितलं, की वाफेच्या इंजिनात कोळशाच्या उष्णतेतला दहावा हिस्सासुद्धा कामाला लागत नाही, नव्वदच्या वर वाया जातो. हे त्याच्या डोक्यात बसलं. त्याच्याही आधी १८२४ मध्ये सादी कार्नो नावाच्या फ्रेंच माणसानं छोटं पुस्तक लिहून सांगितलं होतं, की उष्णतेतून किती काम निघंल हे सगळ्यात गरम आणि सगळ्यात थंड यांच्यातल्या अंतरावर ठरतं. डिझेलनं ठरवलं, कार्नोच्या नियमाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जाणारं इंजिन बांधायचं. १८९२ मध्ये त्यानं पेटंट मागितलं आणि १८९३ मध्ये पुस्तक काढलं.

आता लक्ष द्या, कारण आपल्या विषयाची नाडी इथं आहे. डिझेलचा पहिला विचार असा होता : सिलिंडरात नुसती हवा घ्यायची, ती प्रचंड दाबायची. दाबली की हवा आपोआप तापते. सायकलचा पंप मारताना नळी गरम होते, तसंच. त्या तापलेल्या हवेत इंधन अगदी थोडं थोडं, हळूहळू सोडायचं. हवा गरजेपेक्षा कितीतरी पट जास्त आणि इंधन नाममात्र. म्हणजे आतलं तापमान दाबानं आलं तेवढ्यावरच राहील, भडका होणार नाही, सिलिंडरला पाण्याचं जॅकेट लागणार नाही, उष्णता बाहेर जाणारच नाही. कागदावर हिशेब सत्तर टक्क्यांच्या पुढं जात होता. १८९३ चं त्याचं पहिलं इंजिन खरंच पाण्याच्या जॅकेटशिवाय बांधलं होतं, आउग्सबुर्गच्या कारखान्यात.

ते चाललं नाही. १० ऑगस्ट १८९३ ला आत इंधन सोडलं तेव्हा असा भडका उडाला, की दाब मोजायचं यंत्रच फुटलं. पण त्याहून मोठी अडचण हिशेबातच होती. इंधन इतकं थोडं घातलं तर मिळणारं कामही थोडंच. हवा दाबायला आणि पिस्टन, रिंगा, बेअरिंग फिरवायला जी ताकद लागते तीच सगळं काम खाऊन टाकणार, बाहेर द्यायला उरणार काय? आपल्या भाषेत सांगायचं तर मळणीयंत्र रिकामं पळवल्यासारखं. पट्टा फिरतोय, ढोल फिरतोय, तेल जळतंय, पण पोत्यात दाणा नाही.

हे डिझेलच्या ध्यानात आलं आणि त्यानं हट्ट सोडला. दाब कमी केला, इंधन वाढवलं, पाण्याचं जॅकेट बसवलं. म्हणजे थोडी उष्णता वाया जाणार हे मान्य केलं. १७ फेब्रुवारी १८९४ ला दुसरं इंजिन स्वतःच्या बळावर जेमतेम एक मिनिट फिरलं. पुढं बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ ला, प्रोफेसर श्रोटर यांनी सगळ्यांसमोर मोजमाप केलं : २६.२ टक्के. जगातल्या कुठल्याही वाफेच्या इंजिनापेक्षा कितीतरी जास्त. सत्तरचं स्वप्न बघणारा माणूस सव्वीसवर आला, पण त्या सव्वीसनंच पुढं जग फिरवलं. हवा किती आणि तेल किती यांचा मेळ बसला तेव्हाच इंजिन चाललं.

हा मेळ नेमका काय असतो ते बघू. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. एक लिटर डिझेलचं वजन किलोपेक्षा कमी, ८३० ग्रॅमच्या आसपास. तरी त्याला कमीत कमी बारा किलो हवा पाहिजे, म्हणजे सुमारे १० हजार लिटर. २०० लिटरचे पन्नास बॅरल भरून हवा, एक लिटर तेलासाठी! आपण तेल पैसे देऊन आणतो म्हणून ते मोजतो. हवा फुकट आहे म्हणून तिचा विचारच करत नाही. पण इंजन जे खातं त्यात वजनानं जास्त वाटा हवेचाच असतो.

आणि ही झाली अगदी किमान हवा. प्रत्यक्षात तेवढ्यावर भागत नाही. डिझेलचा फवारा डोळ्याची पापणी लवायच्या आत हवेत मिसळून जळायचा असतो. तेवढ्या वेळात तेलाच्या प्रत्येक थेंबाला हवा गाठता आली पाहिजे, म्हणून हवा दीडपट-दुप्पट ठेवावी लागते. पाच हॉर्सपॉवरच्या नेहमीच्या साच्याच्या इंजनात सिलिंडर असतो साडेपाचशे सीसीचा. १५०० फेऱ्या म्हणजे मिनिटाला ७५० वेळा ते हवेचा घोट घेतं. तासाला वीस-एकवीस हजार लिटर हवा, वजनानं चोवीसेक किलो. आणि तेल जातं जेमतेम ९०० ग्रॅम. म्हणजे पूर्ण भारावरसुद्धा एक वाटा तेलाला सव्वीस वाटे हवा. भार अर्धा झाला की गव्हर्नर तेल कमी करतो, हवा मात्र तेवढीच राहते, मग प्रमाण एकास चाळीसपर्यंत जातं. पेट्रोलच्या गाडीत हवा आणि पेट्रोल दोन्ही एकदम कमी-जास्त होतात. डिझेल इंजनात हवेला झडप नसते, फक्त तेल कमी-जास्त होतं. आपलं सगळं दुखणं आणि सगळी बचत या एका फरकात आहे.

हवा भरपूर असली की तीन फायदे होतात. तेल वेळेत आणि पूर्ण जळतं. आतली आच फार चढत नाही, म्हणून सिलिंडरच्या भिंतीतून पाण्यात जाणारी उष्णता कमी. आणि नुसत्या धुरापेक्षा हवा जास्त असलेला वायू फुगताना पिस्टनला चांगला रेटा देतो. पण म्हणून तेल कमी करत नेलं तर डिझेलची पहिली चूक होते. घर्षण तेवढंच राहतं, ते ठरलेलं घेतंच. म्हणून इंजन फार हलक्या भारावरही परवडत नाही आणि फार ओढलं तरीही परवडत नाही. साधारण पाऊण भार, त्याच्या जरा वर, ही त्याची सगळ्यात चांगली जागा. थांबलेल्या ट्रॅक्टरचं इंजन गप्पा मारत चालू ठेवलं तर तिथं काम शून्य आणि तेल चालूच.

आणि मर्यादेपेक्षा तेल जास्त सोडलं तर? पुन्हा मळणीयंत्र डोळ्यासमोर आणा. पेंढ्या जास्त कोंबल्या की ढोल गुदमरतो आणि दाणे भुसकटाबरोबर उडून जातात. इंजनात तेच होतं. जास्तीच्या तेलाला हवा गाठता येत नाही, ते अर्धवट जळून काजळी होतं, तो काळा धूर. काही तेल जळतं, पण उशिरा, पिस्टन खाली गेल्यावर. तेव्हा ते पिस्टनला काय रेटणार? ती उष्णता सरळ सायलेन्सरात जाते. म्हणून पंप वाढवलेल्या इंजनाचं धुराडं रात्रीचं लालबुंद दिसतं. लोक म्हणतात काय ताकद आहे. ती ताकद नाही, तुमचे पैसे जळताना दिसतायत.

आता हे यंत्र आपल्या रानात कसं आलं ते सांगतो. डिझेलच्या पहिल्या इंजिनात तेल उडवायला वेगळा हवेचा कॉम्प्रेसर लागायचा. ते धूड कारखान्यात आणि जहाजात ठीक, शेतकऱ्याच्या कामाचं नव्हतं. त्या काळात खेड्यात जी ऑईल इंजिनं आली ती गरम टोपाची : डोक्यावरचा लोखंडी गोळा दिव्यानं तापवायचा आणि मग चाक फिरवायचं. तिला आपल्याकडं क्रूड इंजिन म्हणायचे. पिठाच्या गिरणीवर अशी इंजिनं असायची, धुराड्यावर डबा पालथा टाकलेला, आणि पुक पुक आवाज पंचक्रोशीत. तिचा दाब कमी, म्हणून तेल जास्त.

१९२७ मध्ये बॉश कंपनीनं तेल उडवणारा छोटा पंप मोठ्या संख्येनं बनवायला सुरुवात केली आणि कॉम्प्रेसरची गरज संपली. आता तेल मोजून, थेंबाच्या हिशेबानं, वेळेवर सोडता येऊ लागलं. इंग्लंडात लिस्टर कंपनीची हळू फिरणारी इंजिनं १९२९ पासून निघाली. पुढं त्याच साच्याची इंजिनं राजकोटला ढिगानं बनली, आपल्याकडच्या कितीतरी विहिरींवर ती होती. महाराष्ट्रात साताऱ्याच्या कूपर कारखान्यानं १९३० च्या दशकात डिझेल इंजिनं काढली. ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर दिला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, त्यांच्याच घराण्यानं १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी उभी केली. पुण्याजवळ खडकीला तिचा कारखाना.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झालो, पण विहिरीवर मोटच होती. वीज गावोगाव पोचायला पुढं कितीतरी वर्षं गेली. मग १९७२ चा दुष्काळ आला. त्या दुष्काळानं ज्यांना विहिरी खोदायला लावलं, त्यांच्या विहिरीवर मोटेच्या जागी पहिल्यांदा आलं ते इंजन, विजेची मोटार नंतर. परभणीत कृषी विद्यापीठ झालं तेही १९७२ मध्येच.

पण वेळ बघा कशी होती. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं, आणि तीन महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपाला तीन डॉलरवरून साडेअकराच्या वर गेला. म्हणजे आपला शेतकरी इंजन घ्यायला निघाला आणि तिकडं तेल चौपट झालं. १९७८ मध्ये केंद्र सरकारनं तेल वाचवण्यासाठी पीसीआरए नावाची संस्था काढली. तिनं शेतीपंपावर बरंच काम केलं, आणि त्यांचं सांगणं ऐकून नवल वाटंल : नुसतं इंजनाकडं बघू नका, फुटबॉल आणि पाइप बघा. घट्ट फुटबॉल, नको तितके बेंड आणि बारीक पाइप यांच्यात पाणी घासत जातं आणि इंजनाची ताकद तिथंच मरते.

आमच्या घरी हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. आता गोष्ट सांगतो.

आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, त्यांनी दुष्काळानंतर कर्ज काढून पाच हॉर्सपॉवरचं इंजन घेतलं. मला आठवतंय तेव्हापासून ते विहिरीच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली होतं. हँडल मारायला दोन माणसं लागायची. मी नववीत गेल्यावर एकट्यानं सुरू करायला शिकलो, त्याचा मला कोण अभिमान. अण्णा इंजनाला बैलासारखंच वागवायचे. पोळ्याला त्यालाही कुंकू लागायचं.

मी दहावी पास झालो त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची गोष्ट, म्हणजे १९८७. आदल्या साली पाऊस नीट झाला नव्हता. विहिरीचं पाणी खाली खाली चाललेलं. रानात उन्हाळी भुईमूग होता पाऊण एकर, आऱ्या सुटलेल्या. पाणी पडेना म्हणून इंजन ओढत नाही असं आम्हाला वाटलं. एका मिस्तरीला बोलावलं. त्यानं इंजन चालू करून बघितलं आणि पंपाचा स्क्रू फिरवून दिला. आवाज मोठा झाला, धूर काळा झाला, पाणी जरा वाढल्यासारखं दिसलं. आम्ही खुश. मी तर गावात सांगत फिरलो, आमच्या इंजनाचा पंप वाढवला म्हणून.

खरं दुखणं वेगळंच होतं. पाणी खाली गेलं होतं आणि पंप मात्र वरच्याच पायरीवर बसलेला. पंप पाणी ओढू शकतो ते जास्तीत जास्त वीस-बावीस फुटांवरून, पुढं कितीही मोठं इंजन लावा, ओढणार नाही. त्यात फुटबॉलची चामडी फाटलेली. आणि इंजनाच्या हवेच्या फिल्टरमध्ये किती महिन्यांची माती. म्हणजे हवा कमी, तेल जास्त, आणि काम करायचं तिथं पाणीच नाही. पण त्या वेळी आम्हाला फक्त धूर दिसत होता आणि धूर म्हणजे ताकद असं वाटत होतं.

सतरा-अठरा दिवस असं चाललं. रोजचं तेल दीडपट झालं. अण्णा म्हणायचे, भुईमूग निघू दे, मग बघू. एका रात्री मी पाण्यावर होतो, दारं मोडत होतो. इंजनाचा आवाज जड झाला, दोन-तीन झटके दिले आणि बंद पडलं. पळत गेलो तर धुराडं अंधारात लाल. हँडल मारायला गेलो, चाक हलेना. पिस्टन लायनरला धरला होता. तेल जळत राहिलं उशिरापर्यंत, पिस्टनचं डोकं तापत गेलं, ऑईलचा थर उडाला आणि धातूनं धातू धरला. हे आज सांगता येतं. त्या रात्री मी नुसता चाकाला लोंबकळत होतो.

लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, शहराहून माणूस, यात पंधरा दिवस गेले. उन्हाळ्यातले पंधरा दिवस भुईमूग थांबतो का? आऱ्या जमिनीत गेल्याच नाहीत, गेल्या त्या पोचट राहिल्या. खर्चाला पैसे नव्हते. अण्णांनी खोंडाच्या जोडीतला एक विकला. दुसरा पुढचं सगळं वर्ष सावडीत दुसऱ्याच्या बैलाबरोबर जुंपला. अण्णा मला काही बोलले नाहीत. मिस्तरीलाही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "इंजन दम लागल्यावर धापा टाकत होतं, आपण त्याला चारा वाढवला. त्याला हवा पाहिजे होती."

अण्णा शाळा शिकलेले नव्हते. कार्नो, डिझेल, श्रोटर ही नावं त्यांनी कधी ऐकली नाहीत. पण त्यांनी जे म्हणलं त्यापेक्षा नेमकं मला अजून कुठं वाचायला मिळालं नाही.

इंजन दुरुस्त झाल्यावर स्क्रू जागेवर बसवला, पंप दोन पायऱ्या खाली उतरवला, फुटबॉल बदलला, फिल्टर धुतला. मी एक रिकामी लिटरची बाटली घेतली आणि त्यातूनच इंजनाला तेलाची नळी जोडून घड्याळ लावलं. एक लिटर ५४ मिनिटं पुरलं. पाणी किती पडतं हे बघायला २०० लिटरचा बॅरल पाइपाखाली धरला, तो एकवीस सेकंदांत भरला. म्हणजे तासाला ३४ हजार लिटर पाणी. हे आकडे मी छपराच्या पत्र्यावर खिळ्यानं कोरून ठेवले. दर हंगामाला तीच बाटली आणि तोच बॅरल. बाटली लवकर संपायला लागली किंवा बॅरल उशिरा भरायला लागला, की समजायचं कुठंतरी गळती लागली. एवढ्या साध्या मापानं त्या इंजनानं पुढं वीस वर्षं काढली.

रॉकेलचंही सांगून टाकतो, कारण ती चूकही आपण सगळ्यांनी केली आहे. रेशनचं रॉकेल स्वस्त म्हणून डिझेलात मिसळायचे. रॉकेल पातळ आणि कोरडं. पंपाच्या एलिमेंटला आणि नोझलला वंगण डिझेलचंच मिळतं, ते कमी झालं की ते झिजतात. नोझल झिजलं की फवारा धुक्यासारखा न होता धारेसारखा पडतो, आणि धारेला हवा गाठत नाही. म्हणजे फिरून तोच काळा धूर. गोडं तेल चालतं का, असंही विचारतात. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, हे खरं आहे. पण ते तेल दाट, आजच्या बारीक नोझलमध्ये ते चिकटतं. आणि परभणीच्या बाजारात आज शेंगदाणा तेलाचा भाव काय आहे ते तुम्हीच बघा.

तोवर जग पुढं गेलं होतं. आल्फ्रेड ब्युची नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ मध्येच पेटंट घेतलं होतं, की सायलेन्सरातून वाया जाणाऱ्या धुरावर चक्र फिरवायचं आणि त्या चक्रानं सिलिंडरात जास्त हवा कोंबायची. तोच आजचा टर्बो. वाया जाणाऱ्या उष्णतेनं हवा विकत घ्यायची, असा तो सौदा. टर्बोच्या ट्रॅक्टरला तेल जास्त सोडता येतं ते हवा जास्त येते म्हणून, नुसता स्क्रू फिरवून नव्हे. आता कॉमन रेल आलं, संगणक तेल मोजतो. ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरना २०२३ पासून धुराचे नवे नियम आहेत. जहाजांची मोठी डिझेल इंजिनं आज पन्नास टक्क्यांपर्यंत गेली. पण आपल्याकडं अजून जास्त ट्रॅक्टर साध्या पंपाचेच आहेत, आणि त्यांचा हिशेब अण्णांच्या इंजनासारखाच आहे.

आता पुतण्याकडं येऊ. ट्रॅक्टर घरी आला. फिल्टर उघडला, तर सोयाबीन मळणीच्या वेळची सगळी धूळ आणि भुसा आत. खालच्या वाटीतलं ऑईल चिखल झालेलं. ते धुवून नवं ऑईल घातलं. एक नोझल धार सोडत होतं, ते तपासून बदललं. पंपाच्या सीलला हात लावला नाही. एक गिअर खाली घेतला. आधी एकरी साडेसहा लिटर जात होतं, आता पावणेसहा बसलं, आणि धूर जवळजवळ नाही. मिस्तरीचा राग धरायचं कारण नाही. गिऱ्हाईक आवाज मागतं म्हणून तो आवाज देतो.

तुम्हीही एवढं करा. भार आल्यावर क्षणभर काळा धूर येऊन गेला तर चालतं. सतत येत असंल तर आधी हवेचा फिल्टर, मग नोझल, मग टॅपेट आणि कॉम्प्रेशन बघा. पांढरा धूर राहत असंल तर तेल न जळता जातंय, इंजन थंड आहे किंवा दाब कमी आहे. निळा असंल तर ऑईल जळतंय, रिंगा गेल्या. पंपावर असंल तर फुटबॉल आणि बेंड बघा. पाणी फार थंड खेळवू नका, इंजन कोमट राहण्यापेक्षा नीट गरम राहिलेलं बरं. जॅकेटमधून बाहेर येणारं पाणी हाताला चांगलं चटकलं पाहिजे. आणि बाटली लावून मोजा. मोजल्याशिवाय कुणाचंही ऐकू नका, माझंही नाही.

अण्णांचं इंजन आता चालत नाही. विहिरीवर मोटार आहे, शेजारी सौर पंप आला. भंगारवाला दोनदा येऊन गेला. पुतण्या म्हणत होता देऊन टाकू. गोष्ट ऐकल्यावर त्यानं छपराच्या पत्र्यावरचे आकडे पुसून बघितले, अजून वाचता येतात : ५४ आणि २१. म्हणाला, "राहू द्या काका."

तुमच्या इंजनाची बाटली किती मिनिटं पुरते ते मोजून खाली लिहा. किती हॉर्सपॉवर, किती खोल विहीर तेही लिहा. आपण आपल्या भागाचा एक तक्ता करू.